कटनंतरचं फुटेज

४ मार्च

आज एडिटरशी वाजलं. पुन्हा! पहिली फिल्म माझी, फुटेज माझं, आणि रुबाब ह्याचा. मी एवढंच विचारलं की आपण नव्या सॉफ्टवेअरवर का जात नाही — कापाकापी, रंग, आवाज, सगळं एकाच ठिकाणी होतं. तर म्हणतो, "मॅडम, कात्री बदलली म्हणून शिंप्याचा हात बदलत नाही." आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश. वर चहा मागवला. एकच.

आजपासून ह्याचं नाव खडूस.

६ मार्च

खडूसची खोली म्हणजे खोकं. पडदे कायम ओढलेले, मशिनला थंड हवं म्हणून एसी असा की बोटं आखडतात. कीबोर्डवरची अक्षरं पार झिजलीत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तो चालवताच येत नाही. मुद्दाम तसा ठेवलाय. पैज लावते.

९ मार्च

खडूसने सुरुवातीचा भाग दाखवला. बाबांचे काही शॉट मला ओळखूच येईनात.

"हे कुठल्या टेकमधलं?"

"टेकमधलं नाही. तुम्ही कट म्हटल्यानंतरचं. तुमचा कॅमेरामन बटण उशिरा बंद करतो."

मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — कटनंतरचं सगळं फेका! पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हणे, "टेकमध्ये ते तुमचे वडील असतात. कट झाला की कारकून होतात."

बाबा नट नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. ठरलेल्या नटाने ऐनवेळी टांग मारली म्हणून त्यांना उभं केलं. काम तरी काय अवघड? जन्मभर साहेबाला घाबरलेला कारकून. साहेब पडद्यावर दिसतसुद्धा नाही, नुसता आवाज येतो. ह्यांनी फक्त घाबरायचं. तेवढंही जमेना. हात लाकडासारखे आणि संवाद पाढे म्हटल्यासारखे. सेटवर माझा घसा बसला, पण त्यांच्यात फरक शून्य.

१० मार्च

आईचा फोन. "त्यांना एकदा दाखव की गं. कसं झालंय म्हणून झोपत नाहीत धड."

काय दाखवू? मी तरी कुठे झोपतेय?

१२ मार्च

हार्ड डिस्क उचलून घरी आणली. खडूसने अडवलं नाही, उलट वायर गुंडाळून हातात दिली. "सगळं आहे ह्यात. कटनंतरचंही." म्हटलं, त्याची गरज पडणार नाही. मान हलवली नुसती. त्या मान हलवण्याचाच राग आला जास्त.

१५ मार्च

नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुना प्रोजेक्ट उघडला. निम्म्या क्लिप लाल! फाइल सापडत नाही म्हणे. मीच फोल्डरची नावं बदलली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. हात दाखवून अवलक्षण. आता पहिल्यापासून लावतेय.

१९ मार्च

नाचता येईना अंगण वाकडं — खडूसने म्हणायच्या आत मीच लिहून टाकते.

२३ मार्च

माझा कट पूर्ण झाला. फक्त टेक वापरले. सलग बघितला.

फिल्म मेलेली आहे. साहेबाचा आवाज गरजतो आणि बाबा बसची वाट बघत असल्यासारखे उभे. ह्या माणसाची भीती खरी वाटली नाही तर फिल्ममध्ये उरतंच काय? महिनाअखेरीला महोत्सवाला पाठवायचीय. हे पाठवलं तर लोक हसतील.

जेवण गेलं नाही. मग झक मारत कटनंतरचे तुकडे उघडले. काय सांगू! बाबा ओठ दाबतात. शर्टाचं टोक बोटांत धरतात. एकदा डावीकडे बघतात, लगेच मान खाली, मग हळूच पुन्हा वर. अंगातला जीव गेल्यासारखा चेहरा. असा कारकून मला लिहितासुद्धा आला नसता.

आनंद व्हायला हवा होता. उलट संतापच आला. एवढं येतं, तर टेकमध्ये का दिलं नाही? माझ्यावर सूड?

२६ मार्च

नाक मुठीत धरून खडूसला फोन केला. म्हटलं, तुमचे तुकडे परत घातले, फिल्म उभी राहिली. "बरं," म्हणाला. एवढंच. मेल्याला शब्दांचे पैसे पडतात जणू.

विचारलं, ते डावीकडे बघतात ते नेमकं काय? साहेबाचे संवाद तर आम्ही मागाहून रेकॉर्ड केले. तिकडे कुणी नट नव्हताच.

"मी शूटिंगला नव्हतो, मॅडम. दुसरा कॅमेरा होता ना लांबचा? त्याचं कटनंतरचं मी लावलंच नाही. तुम्ही लावून बघा."

२७ मार्च

नवं सॉफ्टवेअर ह्या बाबतीत गुणाचं. आवाजावरून दोन्ही कॅमेरे आपोआप जुळवतं. स्क्रीनवर एका खिडकीत बाबांचा चेहरा, दुसरीत अख्खी खोली, दोन्ही एकाच क्षणाचं.

खोलीच्या डाव्या कडेला मी आहे. कट म्हणते. हातातली स्क्रिप्ट टेबलावर आपटते. काहीतरी बोलते, ते ऐकायला आवाज वाढवायची गरजच पडली नाही. शेजारच्या खिडकीत बाबा ओठ दाबतात, शर्टाचं टोक धरतात. मग मी पाठ फिरवते. ते तिथेच उभे, माझ्या पाठीकडे बघत.

दुसरा शॉट लावला. तिसरा लावला. सगळीकडे हेच. मला माझी शिसारी आली.

हे तुकडे काढले तर फिल्म उरत नाही. ठेवले तर बाबांसमोर कशी लावू?

२८ मार्च

बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, तुमचे शॉट पुन्हा बघितले. मी पुढे बोलायच्या आत म्हणाले, "परत करायचं असेल तर करतो गं बाळा. तू चिडू नकोस."