कापलेली पट्टी

१० नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा आली! हातात चित्र नाही, काही नाही. "काळ्या पट्टीचे नमुने बघायचेत." गेल्या आठवड्यात हेच नमुने बघून गेली होती. मी मुद्दाम एकेक करून आणले — बारा नमुने, बारा फेऱ्या. मालक आतून ओरडले, "कॉलेजकुमार, पट्टी मोजा, गिऱ्हाईक नका मोजू!" या फ्रेमच्या दुकानात काचेपेक्षा माझी अब्रूच जास्त फुटते.

ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला. मी कॉलेज अर्ध्यात सोडून फ्रेमा ठोकणारा. बोलणार काय, कपाळ? पण आज तीच बोलली. परीक्षेसाठी म्हाताऱ्या माणसाचं चित्र काढायचंय, रोज दोन तास स्वस्थ बसेल असं कोणी मिळत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे आजोबा आहेत की! त्यांना बसण्याशिवाय दुसरं कामच नाही."

हसली. उद्यापासून घरी येतेय. आमच्या घरी!!

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची शर्यत असेल तर पहिला नंबर माझाच. ती येते चारला, जाते सहाला. मी दुकानातून सुटतो सातला! हे आधी सुचलंच नाही. घरी पोचलो तर तिच्या चहाचा रिकामा कप. तेवढाच बघायला मिळाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आई सांगत होती, "आजोबा काय बोलतात रे तिच्याशी! खोलीतून हसण्याचा आवाज येतो." हसण्याचा? आजोबांच्या? एकोणीस वर्षांत माझ्या वाट्याला रोजची चार वाक्यं आली — आलास? जेवलास? दिवा घालव. हळू बोल.

बाकी माणूस बोलतो तो भिंतीशी. सकाळी चहाचा कप हातात घेऊन होडीच्या चित्रासमोर बसतात आणि पुटपुटतात. चहा निवतो, साय धरते, तरी चालूच. लहानपणी मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "देवाचं काहीतरी असेल, मधे बोलू नये." नाही बोललो. आणि ही कालची पोरगी जाते काय, बसते काय, "आजोबा" म्हणते काय! माझे आजोबा आहेत ते. आजवर मलाच नको होते, ते वेगळं.

आज म्हाताऱ्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. भांगही पाडलाय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डोकं दुखतंय म्हणून लवकर सुटलो. मालक म्हणाले, "डोकं असलेल्यांचंच दुखतं, तुझं काय दुखणार?" — पण सोडलं.

दाराच्या फटीतून पाहिलं. पाहायला नको होतं. ती कागदावर वाकलेली, रडवेली. "डोळे जमत नाहीत हो आजोबा. मेलेले वाटतात." आणि आजोबांनी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. हात कापतात त्यांचे — कप बशीत आपटतो रोज. पण कागदाला पेन्सिल टेकली आणि हात थांबला! पाच-सहा रेघा. तिने "आई गं!" म्हटलं, ते दारापर्यंत ऐकू आलं.

आजोबांना चित्र काढता येतं.

घरात कोणाला ठाऊक नाही! त्यांच्याबद्दल आम्हाला माहीत असलेलं एवढंच — चाळीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारले. त्याआधी लढाईत होते, पण तिथे म्हणे धान्याच्या कोठीवर. कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "पोती मोजली, दुसरं काय!"

आता माझं ऐक, वहीबाई. मी अकरा वर्षांचा होतो. आरशात बघून स्वतःचा चेहरा काढला होता. शाळेत पहिलं बक्षीस. धावत घरी आलो आणि सगळ्यांत आधी आजोबांना दाखवला. त्यांनी बघितलं, बघतच राहिले. मग चित्र घेतलं, घडी घातली, खिशात टाकलं. "आपल्या घरात हे नको." दुसऱ्या दिवशी माझी रंगपेटी पण गायब. बाबांनी विचारलं तर म्हणाले, "अभ्यास करू दे त्याला." मी आठवडाभर जेवताना त्यांच्याकडे पाठ करून बसलो. त्यानंतर मी पेन्सिल धरली ती फक्त फ्रेमचं माप टाकायला.

आणि तिला शिकवतात! परक्या पोरीला! माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. मला हेही कळत नाहीये की मी जळतोय ते तिच्यावर की त्यांच्यावर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात आली होती. मी विचारलं, "काय बोलता एवढं?" म्हणाली, "त्यांनाच विचार ना. तुझेच आहेत." मग जरा थांबून, "तू कधी विचारलंच नाहीस म्हणतात."

मी तिच्यासमोर नमुन्यांचा खोका आपटला. गेली. मालक म्हणाले, "शाबास! आता खोक्याशीच लग्न कर."

२३ नोव्हेंबर, रविवार

सूड! आजोबांचा जीव की प्राण म्हणजे ती होडीची तसबीर. साधं छापील चित्र, पाण्यात होडी, वर दोन बगळे. पण तिला कोणी हात लावायचा नाही, पुसणार तेच. काचेला कोपऱ्यात तडा आहे. मी म्हटलं, "आजोबा, उद्या दुकानात नेऊन काच बदलून आणतो." ते "नको" म्हणेपर्यंत आईने उतरवून माझ्या हातात दिली. वर म्हणाली, "बघा, किती दिवसांनी आपणहून काही करतोय!"

उचलतानाच कळलं. एवढ्या चित्राला एवढं वजन नसतं. मागचा पुठ्ठा फुगलेला. खिळे अर्धे गंजलेले, अर्धे नवे — म्हणजे कोणीतरी मधेच उघडून परत ठोकलंय. घरातल्यांना हे दिसणार नाही. माझा धंदाच तो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मालक जेवायला गेल्यावर उघडली.

चेहरे. पेन्सिलचे, पिवळ्या पडलेल्या कागदांवर. मागच्या बाजूला धान्याच्या मागणीचे छापील तक्ते. मोजले — एकेचाळीस. सगळी पोरं. माझ्या वयाची, कोणी थोडा मोठा. एकाचा कान फाटलेला, एकाला जेमतेम मिसरूड. सगळे सरळ माझ्याकडे बघतायत. प्रत्येकाच्या खाली, कागदाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात पाच आकडे. नावं नाहीत.

असं चित्र मी जन्मात पाहिलं नाही. आणि हे आमच्या घरात होतं! जेवायच्या खोलीपासून आठ पावलांवर!

खरं सांगू? पहिल्यांदा रागच आला. या एकेचाळीस जणांना त्यांनी इतकं निरखून पाहिलं. मला एकदा तरी पाहिलं का?

सगळ्यांचे डोळे मात्र सारखे. चेहरे निरनिराळे, डोळ्यांची जोडी एकच. हे का ते कळलं नाही.

सतराव्या कागदाला पाठीमागे अजून एक कागद चिकटून होता. घडी उलगडली. माझा. अकराव्या वर्षीचा, बक्षिसाचा! फाडला नव्हता, जाळला नव्हता. इथे दडपला होता! मी त्या कागदासाठी उशी भिजवली होती आणि म्हातारा रोज त्याच्यासमोर बसून चहा पीत होता. चोर!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. सतरावा तिला भेट द्यायचा. सगळ्यांत देखणा तोच. रुंद कपाळ, हनुवटीला खळी — बाबांना आणि मला आहे तशी. म्हणून आवडला, खोटं कशाला बोलू. ती रोज त्याच्याकडे बघेल आणि निदान हनुवटी तरी माझी बघेल.

बाकीचे जसेच्या तसे होडीमागे ठेवून, नवी काच घालून, घरी नेऊन टांगले. आजोबा दोन दिवस तापाने पडून आहेत, त्यांना पत्ता नाही. ती पण येत नाहीये.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फ्रेम झाली. मालकांनी हातात धरून उन्हात नेली, तिरकी करून चारी कोपरे बघितले आणि काही न बोलता परत दिली. मालक बोलले नाहीत म्हणजे पदकच! काळी बारीक पट्टी, आत चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट. कागदाची खालची कड वाकडी होती आणि तो आकडा उगाच डोळ्यांत खुपत होता. चित्राचा तोल जात होता. मोजपट्टी लावून सुरीने सरळ काढून टाकली, अर्ध्या बोटाची कड. आता कसं, नीट!

उद्या देणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं संपलं.

पुडकं उघडल्यावर तिचे डोळे भरले. मला वाटलं, जिंकलो! मग म्हणाली, "हे त्यातलं आहे. आजोबांनी सांगितलेलं." आणि लगेच चित्राच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं. "इथे नंबर असायला हवा."

"होता," मी म्हटलं. "कापला. वाईट दिसत होता."

माझ्याकडे असं बघितलं! पुढचं सगळं तिने दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, आवाज न चढवता. चढवला असता तर बरं झालं असतं.

आजोबा कोठीवर नव्हते. म्हणजे आधी होते, मग साहेबाला कळलं की हा पोत्यांवर कोळशाने चेहरे काढतो. पलटणीचा कॅमेरा फुटला होता. लढाईनंतर जी पोरं ओळख न पटता पडलेली असायची, त्यांचे चेहरे काढायचं काम यांना दिलं. गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर खाली लिहायचा; नावांची वही जळून गेली होती. चित्र बेपत्ता पोरांच्या घरोघरी जायचं, घरचे ओळखायचे. पण एक आई आली होती — मिटल्या डोळ्यांचं चित्र तिने ओळखलंच नाही. "माझा असा नव्हता" म्हणून परत गेली. तेव्हापासून आजोबा सगळ्यांचे डोळे उघडे काढायला लागले. कोणाचे कसे होते ते कुठून कळणार? दाढीचा आरसा होता जवळ. त्यात बघून स्वतःचेच काढले. सगळ्यांना.

"ज्यांचं घर सापडलं नाही ती चित्रं त्यांच्याकडे राहिली," ती म्हणाली. "त्या पोरांचं जगात दुसरं काही नाही, तेवढा नंबर. आणि तू तो कापलास. वाईट दिसत होता म्हणून."

मी म्हटलं, "मला नाही सांगितलं त्यांनी! तुला सांगितलं! मी कोण आहे मग?"

"मी पट्ट्या बघायला येत होते असं खरंच वाटलं तुला?" फ्रेम माझ्या हातात ठेवली आणि गेली.

कचऱ्याचं पोतं रस्त्यावर ओतलं. माउंटच्या कडा, लाकडाचा भुसा, काचा. तीन बोटं कापली. मालक आले, बघितलं, बाजूला उकिडवे बसले आणि पट्ट्या चाळू लागले. कालचं पोतं सकाळीच गेलं होतं. दोघांनाही ठाऊक होतं. तरी तासभर शोधलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आजोबांचा ताप उतरलाय. दिवसभर त्यांच्या खोलीवरून येरझारा घातल्या. आई म्हणाली, "काय रे, पोटात दुखतंय का?" शेवटी दुपारी गेलो. फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं ओकलो. तसबीर उघडली, त्यातलं हे चित्र काढलं, नंबर कापला, तो कचऱ्यात गेला. "मारा मला," म्हटलं.

त्यांनी नाही मारलं. चष्मा पुसला. फ्रेमचा कोपरा चाचपला, जोड कुठे लागतो का ते नखाने बघितलं.

"काम चांगलं केलंयस."

मग फ्रेम उशाशी ठेवली, डोळे मिटले. मला वाटलं झोपले. "उद्या सकाळी लवकर ऊठ. आणि शेजारी बस. मधे बोलू नकोस."

१ डिसेंबर, सोमवार

होडीसमोर बसलो. दोन कप चहा. पुटपुटणं पहिल्यांदाच जवळून ऐकलं. देवाचं नव्हतं. आकडे होते! पाच-पाच आकडे, एकामागून एक, जरा दम घेऊन पुढचा. मी मनात मोजत होतो. सोळावा झाला. आता माझा कापलेला येणार — पाठ आहे त्यांना, लिहून घेता येईल, वाचलो! पेन्सिल काढली.

आजोबा थांबले. पुढचा आकडा म्हटलाच नाही. कापऱ्या हाताने माझी हनुवटी धरली, खळीवर अंगठा ठेवला.

"याचा नंबर मी कधीच म्हणत नाही. याचं घर सापडलं होतं. हा तुझा आजोबा."

"मग तुम्ही?"

"तुझा बाप तेव्हा रांगत होता. मी नुसता चित्र पोचवायला आलो होतो रे," म्हणाले. "राहिलो."