उपाशी कोपरा

द्वारका, नवी दिल्ली
३ ऑगस्ट २००६

प्रिय इंदुताई,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या संक्रांतीच्या पत्राला मी श्रावणात उत्तर लिहितोय. तू किती रागावली असशील ते इथे बसून दिसतंय मला. माफ कर. हात दुखत होता असं लिहिणार होतो, पण हात चांगला आहे. तिळगुळाबरोबर तू दोनच गोष्टी विचारल्या होत्यास, थंडी फार आहे का आणि गोधडी काढलीस का. पहिलीचं उत्तर सोपं होतं. दुसरीपाशी पेन अडलं ते अडलंच. त्याचं खाली लिहितो. आधी बाकीचं वाच, मधेच पत्र ठेवून देऊ नकोस.

उदयची भक्ती दहा वर्षांची झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक आहे, त्यात ती म्हातारी झालीय. म्हातारीच्या अंगरख्याला शंभर ठिगळं, आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून ती एकेक गोष्ट सांगते. ठिगळ हा शब्द मी शिकवला, ती ‘पॅच’ म्हणत होती. मंडळात सगळ्यांसमोर सांगून आली, माझे आबा मिलिटरीत टेलर होते, तेच शिवणार. घरी येऊन मला म्हणते, आबा, इंदुआजीची गोधडी आहे ना पेटीत, तीच काढा, दोन बाह्या लावल्या की झालं. मी म्हणालो, जुनं कापड स्टेजवर फाटेल, मी नवे तुकडे आणतो.

आता तुकडे आणायचे कुठून? जुनी लुगडी, धोतरं इथे कुणाच्या घरात? पण आमच्या सेक्टरात रोज नवी सोसायटी उभी राहतेय, आणि प्रत्येक फ्लॅटला पडदे हवेत, सोफे हवेत. त्यासाठी दुकानात नमुन्यांची जाड पुस्तकं असतात. प्रत्येक पान म्हणजे वीतभर कापड, कडा नागमोडी कातरलेल्या, मागे नंबर चिकटवलेला. नवा माल आला की जुनं पुस्तक रद्दीत जातं. पण मागायची लाज. तीन दिवस दुकानासमोरून नुसता फिरलो. नोकर मला चोर समजेल ही वेगळीच धास्ती. चौथ्या दिवशी भक्तीने हाताला धरून आत नेलं. नातीकडे बोट करून मी म्हणालो, “सोफे का कपडा पोती पे लगाना है.” माझी हिंदी ऐकून दुकानदार सरदारजी म्हणाले, “अंकलजी, सोफे पे पोती बिठानी है, या पोती पे सोफा?” आणि तीन पुस्तकं काढून दिली, वर चहा पाजला. कीर्तीनगरच्या सोफ्यांच्या बाजारात मेट्रोने गेलो, तिथे दोन मिळाली. सरकत्या जिन्याला मी भितो, म्हणून पुस्तकं खांद्यावर घेऊन साधा जिना चढलो.

सोफ्याच्या कापडाने मशीनच्या चार सुया मोडल्या. तरी आठ दिवसांत अंगरखा शिवला. प्रत्येक तुकडा चार इंच बाय चार इंच, हलके रंग वर, गडद खाली, रेघ कुठे हलली नाही. इस्त्री करून हँगरला लावला. वाटलं, पोरगी नाचेल. तिने हँगर फिरवून पाठ बघितली आणि म्हणाली, “आबा, ये तो यूनिफॉर्म है यार. म्हातारी परेडला चाललीय का?”

खरं होतं गं. छत्तीस वर्षं जवानांचे गणवेश शिवले, वाकडं ठिगळ लावायला हात धजतच नाही. सगळं उसवलं. उसवताना ती विचारत होती, इंदुआजी कसं लावते? मी सांगत गेलो. आजी मोजत नाही. आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ आडवा, त्याला टेकून बाबांचा तांबडा पटका, मधे माझ्या शाळेच्या सदऱ्याचा खिसा, तो तू तसाच ठेवला होतास. आणि शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. भक्ती म्हणाली, मग पेटी उघडा ना, बघूनच लावू.

ताई, पेटीत गोधडी नाही. सहा वर्षांपूर्वी कँटोन्मेंटच्या क्वार्टरमधून इथे आलो, तेव्हा मशीनला ओरखडा पडू नये म्हणून मी ते तुझ्या गोधडीत गुंडाळलं. मशीन वर आलं, गोधडी टेंपोत राहिली. तासाभराने आठवलं. टेंपोवाल्याचा पत्ता होता माझ्याकडे, पण गेलो नाही. मनात आलं, नव्या फ्लॅटमध्ये ठिगळं कशाला. वास्तुशांतीला तू विचारलंस, तेव्हा पेटीवर हात ठेवून मी म्हणालो, आत आहे. आईची लुगडी होती त्यात. तेव्हापासून तुझं पत्र फोडायलाही भितो. परवा सगळं भक्तीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, सॉरी बोला आणि आजीला बोलवा. म्हणून हे पत्र. सॉरी ताई. सत्तावीसला गणपती. तिकीट उदय काढेल, स्टेशनवर मी तासभर आधी येऊन उभा राहीन, पाण्याची बाटली तेवढी घरूनच घे. ठिगळं सगळी जमिनीवर पसरून ठेवलीत, तू म्हणशील तशी लावू. तांदूळ भक्तीने काड्यापेटीत काढून ठेवलेत आणि रोज उघडून बघते. रागावून का होईना, दोन ओळी लगेच टाक.

तुझाच,
पांडू