पासपोर्टाला मी घातलेली बांधणी

चौथीच्या वर्गात आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो आणि छताचा पत्रा थरथरायचा. तो आवाज मला अजून स्वच्छ ऐकू येतो. यावरून माझं डोकं ठिकाणावर आहे असं समजावं. मी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राजीखुशीने लिहून ठेवतो की :

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या दुसऱ्या बायकोला. ती परदेशातली. पहिलीच्या आजारपणात सेवेला आली, वर्षाच्या व्हिसावर. तिच्या पासपोर्टाची शिवण सुटली होती. मला राहवेना. मी तो उसवून नव्याने शिवला, वर निळा पुठ्ठा चढवला. व्हिसाची मुदत वाढवायला गेलो तर खिडकीतला साहेब म्हणाला, "हा पासपोर्ट बाद!" नवा येईपर्यंत मुदत उलटून चौदा महिने झाले. चूक माझी, शिक्का तिच्या नावावर.

दोन. दाबयंत्र आणि हत्यारं वाचनालयाच्या बाईंना. बोथट कात्री तेवढी शेजारच्या शिंप्याला. व्हिसाच्या कचेरीत आमची चुगली त्यानेच केली.

तीन. पहिली गेली, पुढे आमचं लग्न झालं. मग हिला इथे राहता यावं म्हणून मी तिचा हमीदार म्हणून अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, "प्रेम कधी जमलं? तारीख सांगा."

"कवितेला तारीख असते का?"

"अर्जाला असते, आजोबा."

खरं सांगायचं तर मलाच उमगत नाही. कीव, अपराध, माया, यातलं आधी काय आलं? रोज वेगळं वाटतं.

चार. निकालाआधी मी गेलो तर अर्जही जातो. जवळच्या नातलगाने हमी उचलली तरच ती इथे राहील. नाहीतर घर तिचं आणि बाहेरही तीच. हमी वारशाने देता येते का, विचारलं; वकील हसले. लेक माझ्या या लग्नापासून इकडे फिरकलेली नाही. "बाबा, तिने तुम्हाला फसवलं," म्हणाली. बाळ, फसली असेल तर ती. तुला आईच्या कवितांच्या वह्या. हमी मागायला जीभ रेटत नाही. मागावी की नाही, तेही ठरत नाही.

साक्षीदार : खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि माझा वर्गमित्र, जो निवृत्त पोस्टमन आहे. दोघे समोर बसले आहेत.
ठिकाण : स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक : आज, तीन तारीख.

सहीला पेन टेकवलं तोच दार वाजलं. बायकोने उघडलं. दारात लेक. माझ्याकडे न बघता तिने हिलाच विचारलं, "अहो, हमीला पगाराच्या स्लिपा किती महिन्यांच्या लागतात?"