शेवटच्या बाकापर्यंत

बाई, सातवीच्या वर्गात तुम्ही टेबलावर संत्रं सोललंत, तो दिवस आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. वास आला की हात वर करायचा. पुढचे हात वर गेलेले बघून शेवटच्या बाकावरून मीही केला. "वास आला, की दुसऱ्यांचे हात दिसले? खाली घे. घाई नाही, पोचतं ते," तुम्ही म्हणालात. माझे कान तापले. आणि मग खरंच वास आला. तुम्ही फळ्यावर ‘विसरण’ लिहिलंत. दाटीतून विरळ जागेकडे कण आपोआप पसरतात, कुणी ढकलावं लागत नाही. पहिली फोड तुम्ही मला दिलीत.

इथे बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात, तो शब्द रोज इंग्रजीत कानावर पडतो. ठिपक्यांच्या गोंधळातून चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला डिफ्यूजन म्हणतात, नवी टूम गावभर पसरली तरी डिफ्यूजनच. मागच्या आठवड्यात फुप्फुसांच्या डॉक्टरांनी तो माझ्यासाठी वापरला. "डिफ्यूजन स्वल्प कम्मी आगिदे." कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं; थोडं कमी झालंय. मग खुर्ची जवळ ओढून ते हिंदीत बोलले. हवा आत जाते, पण रक्तात उतरत नाही. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, आणि त्यावर इलाज नाही. जिना चढताना मध्येच थांबतो, तेव्हा मोबाइल बघायचं नाटक करतो. मला फार भीती वाटते, बाई. डॉक्टर काय म्हणाले ते घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काल आठवीतली लेक म्हणाली, "बाबा, उद्या डिफ्यूजनवर टेस्ट आहे. समजव ना." तिला संत्रं देऊन ओट्याशी उभं केलं आणि मी बाल्कनीच्या दाराशी बसलो. ती सोलू लागली. "आला?" "अजून नाही." खोल श्वास घेतला की खोकला सुटतो, म्हणून वरवरचेच घेत होतो. संत्रं सोलून झालं. ती सालं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"अजून कसा नाही? बाबा, डॉक्टर काय म्हणाले, खरं सांग."

मी हात वर केला. "सरी," असं इथल्यासारखं, म्हणजे ‘बरं’, म्हणून ती हसली आणि फोड घेऊन धावत आली.

तुम्हाला जाऊन वर्षं लोटली. हे पत्र कुठे टाकणार? घडी करून खिशात ठेवतो आहे. वास आला नव्हता, बाई. तुम्ही असतात तर हात खाली घ्यायला लावला असतात.