यांच्या नंबरवर आलेला ओटीपी

१६ सप्टेंबर
कॉम्प्युटर आज पुन्हा अडकला. लेकीच्या, तेजूच्या लग्नातल्या पैंजणांची नक्षी यांनी त्यात काढून ठेवली आहे. चैत्रात हे गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात म्हणाले होते, "झाली पुरी. पण आत्ता दाखवणार नाही." फाइल उघडायला घेतली की कडेची घुंगरं दिसतात आणि तिथंच मशीन गोठतं. लग्न मार्गशीर्षात. हुपरीचे चांदी कारागीर अण्णा पैंजण घडवणार, ते सारखे विचारतात, "नक्षी कवा देताय?" तेजू म्हणते मदरबोर्ड जुना झालाय, बदलू या.
यांचं बरं आहे. दाखवणार नाही म्हणाले आणि सुटले.

१९ सप्टेंबर
शाहूपुरीत दौलतच्या दुकानात मशीन दिलं. यांचा जुना दोस्त, म्हणून विश्वास. बजावलं, नवीन विंडोज भरायची नाही. उघडल्यावर सगळं यांनी ठेवलं तसंच दिसलं पाहिजे, अंबाबाईचा फोटोसुद्धा.
"काय काळजी करू नका वैनी. डिस्क हाय तशी नव्या बोर्डला लावतो. विंडोज आपली आपण वळखून घेतीय."
तेजू म्हणत होती आधी सगळं पेनड्राईव्हवर घेऊ. मीच नको म्हटलं. साचा तयार होईपर्यंत हे नक्षी कधी घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. हुपरीत एका घरची नक्षी दुसऱ्या घरी जायला चहाचा कप संपायचा अवकाश. म्हटलं, यांची रीत मोडायची नाही.

२२ सप्टेंबर
घट बसले. माळ घालतेय तोवर दौलतचा फोन. मशीन पळतंय म्हणे, पण निळा पडदा येऊन किल्लीचा लांबलचक आकडा मागतोय. मी यांचा पिन सांगितला. रोज तोच तर टाकत होतो.
"त्यो न्हाय चालत वैनी. डिस्कला कुलूप हुतं, मला ठावंच न्हवतं. जुन्या बोर्डाला किल्ली पाठ हुती, म्हणून कधी इचारलं न्हाय. नव्याला म्हाईत न्हाय."
मग जुना परत लाव की! म्हटलं मी. जुना बोर्ड त्यानं परवाच्या भंगारात घालून टाकला. तोंडाला येईल ते बोलले त्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाला.
फोन ठेवल्यावर देवापुढंच बसून रडले. तेजू पेनड्राईव्हचं एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ सप्टें.
दौलत घरी येऊन गेला. किल्लीची एक नक्कल यांच्या विंडोजच्या खात्यात असते म्हणाला. खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत नाही. नवा करायचा तर ओटीपी यांच्या मोबाईलवर जाणार.
यांचं सिम... रिचार्ज मी बंद केला. गेलेल्या माणसाचा फोन कशाला चालू ठेवायचा, असं मीच म्हणाले होते. सिम मेलं.
तेजूनं तो नंबर सहज लावून बघितला. रिंग वाजली! मग पलीकडून, "कोन बोलतंय?"
मी फोन कट केला.

२५ सप्टें.
धीर करून लावला. कागलचे गृहस्थ आहेत, शिवगोंडा नाव. म्हशी आहेत, दूध घालतात. हा नंबर त्यांना दुकानातून नवा म्हणून मिळाला.
"तुमचं मालक व्हय? अरारा. लय फोन येत्यात त्यास्नी. हुपरीवाले तर सारखं." मग म्हणाले, "अक्का, एक चुकलं माझं. मागल्या म्हैन्यात त्यास्नी वाढदिसाचं लय मेसेज आलं. म्या आपलं सगळ्यास्नी धन्यवाद म्हणून टाकलं."
हसू आलं आणि हसता हसता आवाज फुटला. यांचा वाढदिवस आम्ही दोघींनी न बोलता काढला होता.

२७ सप्टें.
तेजूनं खात्यावर खटपट केली, ओटीपी गेला. शिवगोंडांना फोन लावला.
"आलाय की. पर सांगणार न्हाय. पोरगा म्हणतोय, खातं रिकामं करत्यात असं गोड बोलून."
भिशीतल्या बायकांना मीच दर महिन्याला ओरडून सांगते, जीव गेला तरी ओटीपी कुणाला सांगायचा नाही. आता मीच एका परक्या माणसापुढं तोच मागत रडत होते. "अक्का, रडू नगा," म्हणाले आणि ठेवला.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. यांचे चिमटे, कानशी पाटावर मांडल्या. बंद यंत्राची पूजा करत नाहीत, असं हे म्हणायचे. दौलतनं मशीन घरी आणून दिलंय. सुरू केलं, निळा पडदा आला. किल्ली मागत का होईना, चालू तर आहे. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.
अण्णांचा फोन होता, दसऱ्यानंतर थांबता येणार नाही म्हणे. दुसरी कुठली नक्षी घ्या म्हणतात. तेजू म्हणाली, चालेल मला. तिला चालणार नाही, मला माहीत आहे.
संध्याकाळी शिवगोंडांचा मेसेज. "उद्या सोनं द्यायला घरला या. माणसं बघतो, मग सांगायचं का न्हाय ते ठरवतो."

२ ऑक्टोबर
दसरा. निघायचंय कागलला. पिशवीत आपट्याची पानं, आमच्या लग्नाचा फोटो, यांच्या मृत्यूचा दाखला. तेजू चप्पल घालून दारात उभी आहे.
आत्ताच फोन वाजला. माझ्या फोनमध्ये तो नंबर अजून 'हे' म्हणूनच आहे, यांच्या फोटोसकट. गुलाबी फेटा, हसताहेत. तेजू म्हणाली, "आई, शिवगोंडा असतील. उचल, न्हायतर कट हुईल."
माहीत आहे मला कोण आहे ते. तरी जरा वाजू दिला.