पडद्यावरचं दही

प्रिय स्नेझिनावन्सं,

सप्रेम नमस्कार. प्लोव्दिवला तुम्ही सगळे बरे असाल, आणि भावजींचा गुडघा एव्हाना जिना चढू देत असेल. इकडे आम्ही आहोत आपले. तुमच्या आई आठ दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. गावाने तिखटमीठ लावून तुम्हाला कळवलं असेलच, पण माझी बाजूही ऐका.

शाळेला सूक्ष्मदर्शकावर बसवायचा कॅमेरा मिळाला, तोही निरीक्षकबाई धडा बघेपर्यंतच. बावीस वर्षं एका नळीपाशी सव्वीस मुलांची रांग लावून मी थकले हो (शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत कांद्याचा पापुद्रा वाळायचा, आणि निम्मी मुलं स्वतःच्या पापणीचंच चित्र काढायची). आता काचेखालचं सगळं भिंतीएवढं दिसतं. मंगळवारी निरीक्षकबाई आल्या. धडा दह्यातल्या जिवाणूंचा, त्यातून ते जिवाणू आपल्या बल्गेरियाचं नाव लावणारे, म्हणजे दही घरचंच हवं. आईंनी स्वतः गाडगं आणलं. त्यांच्या दह्याला गावात तोड नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? फुलाफुलांचा रुमाल बांधून त्या मागच्या बाकावर बसल्यासुद्धा.

थेंबावर निळा रंग टाकायचा होता. सकाळपासून वायरी जोडून माझं डोकं इतकं उठलं होतं, की हाताला आयोडीनची बाटली लागली. पडद्यावर काड्यांसारखे जिवाणू दिसायच्याऐवजी काळीनिळी ढेकळं उमटली. पहिल्या बाकावरची रादोस्तिना ओरडली, “बाई, हा तर स्टार्च! बटाट्यात बघितला होता तोच! घट्ट व्हायला दुकानवालेच घालतात! दुकानातलं दही आहे हे!” (मीच शिकवलेलं, आता बोलू कुणाला?) कॅमेरा बंद करायला धावले, तर चित्र आणखी मोठं झालं. आई उठल्या, गाडगं उचललं आणि म्हणाल्या, “सूनबाई, झालं समाधान?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरीक्षकबाईंनी मात्र खूश होऊन कॅमेरा कायमचा मंजूर केला.

तुमची वहिनी,
रोसित्सा

ता. क. काल आई दूध तापवून करंगळी बुडवून उभ्या होत्या. दहा मोजेपर्यंत करंगळी दुधात टिकली की विरजण घालायचं, ही त्यांची पद्धत. दुधाच्या वाफा निघत होत्या, करंगळी लालभडक झालेली, आणि त्या शांतपणे मोजत होत्या. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या बोटांना चटकाच कळेनासा झालाय. असल्या कढत दुधात विरजण मरणार नाही तर काय होणार? म्हणून बाजारचं दही आणून गाडग्यात ओतायच्या. मी थर्मामीटर पुढे केला, तो त्यांनी चुलीमागे भिरकावला. मला फार वाईट वाटलं, वन्सं.

ता. क. दुसरा. एवढं पुराण लावलं ते यासाठी: रविवारी या, आणि त्यांच्यादेखत मला फैलावर घ्या. एकोणीस वर्षं या घरात आहे आणि साधं दही लावता येत नाही, म्हणा (खरंच येत नाही). मग त्या मला शिकवायला उभ्या राहतील. करंगळी माझी बुडेल, मोजतील त्या. आवाज चांगला चढवा. मी रडायला लागले तरी थांबू नका.