जेवत्या माणसाची पाठ

बर्मिंगहॅम,
१३ फेब्रुवारी १९७२

प्रिय मर्टल,

आज रविवार आहे आणि माझ्या घरात सकाळपासून शेगडी पेटलेली नाही. एवढं वाचूनच तू घाबरशील, म्हणून आधी सांगते, ऑल्विन ठणठणीत आहे, मीही आहे. माझा पुढचा एक दात तेवढा गेलाय, त्याची हकिगत पुढे येईल. मला तुझ्याकडे काहीतरी मागायचंय. पण उपाशी माणसाकडे काही मागायचं नाही, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. तेव्हा ऊठ, काहीतरी पोटात घाल, आणि मग पुढे वाच.

एगबर्ट मेला. गेल्या आठ वर्षांत आपण एकमेकींना ढिगाने पत्रं लिहिली, त्यात हे नाव एकदाही आलं नाही. मी तुला अंबाडीच्या सरबताचं, नाताळच्या केकसाठी रममध्ये भिजत घातलेल्या मनुकांचं लिहीत राहिले. तू टोरांटोचा बर्फ आणि तुझ्या स्टॅनफर्डचे दुखरे गुडघे कळवत राहिलीस. नाव काढलं तर तो दार उघडून आत येईल, असंच आपल्याला वाटत असावं. आता लिहायला हरकत नाही. मानेच्या खाली, खांद्याला लागून, सुरण कापायची सुरी मुठीपर्यंत आत गेली होती.

मी त्या सकाळी अपघात विभागात ड्यूटीवर होते. स्ट्रेचर आत आलं तेव्हा मला आधी रक्त दिसलं आणि मग बूट. तपकिरी, टोकदार, लखलखीत पॉलिश केलेले. त्या बुटांची ओळख तुझ्या बरगड्यांना माझ्याहून जास्त. दोन्ही तळव्यांनी मी जखम दाबून धरली. बोटांच्या फटींतून गरम रक्त उसळत होतं, कोपरांपर्यंत आलं, माझ्या नर्सच्या गणवेशाच्या हिरव्या पट्ट्यावर गळलं. त्याने डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाला, ‘हिला बाजूला करा, ही मला मारेल.’ मर्टल, मी दाबत होते. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दाबत होते. इथे कोण काय बोलेल ते बोलेल, तुला एवढं माहीत असावं. तो माझ्या हाताखालीच गेला. मग मी हात धुवायला गेले आणि धूतच राहिले. दुःख म्हणशील तर नव्हतं. राग होता. एवढ्यात सुटला, याचा राग.

सुरी मारली पॉलेटने. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू त्याला सोडून गेल्यावर चार वर्षांनी त्याने गावाकडून, जमैकाहून, तिला बायको म्हणून आणली, तेवीस वर्षांची पोर, सेंट एलिझाबेथच्या डोंगरातली. दर रविवारी त्याच्या मागोमाग माझ्याकडे जेवायला यायची. माझी शिस्त तुला माहीतच आहे, बारा वाजता दार उघडायचं, जो येईल त्याला ताट, आणि येणाऱ्याला कधी परत पाठवायचं नाही. वॉर्डात आठवडाभर गोऱ्या म्हाताऱ्या ‘तुझे काळे हात लावू नकोस’ म्हणतात आणि मीच त्यांचं शौचाचं भांडं धुते. रविवारी मात्र मी माझ्या घरची राणी. नारळाच्या दुधातला राजम्याचा भात, बकऱ्याची करी, तळलेला मासा, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटणारे पुरुष, आणि त्यांच्यावर खेकसणारी मी. त्या गर्दीत ही पोर भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झगा घालून बसायची आणि एकाच बाजूच्या दाढांनी चावायची. मी वीस वर्षं माणसांच्या अंगावरच्या खुणा वाचते आहे. पहिल्याच रविवारी मला कळलं. मी तिला भांडी घासायच्या निमित्ताने आत घ्यायचे, बाह्या वर करून मलम लावायचे, आणि म्हणायचे, ‘पोरी, निघ. माझ्या मैत्रिणीसारखी निघ.’ ती म्हणायची, ‘कुठे जाऊ, मिस आयसी? मला तर बस कुठे जाते तेही कळत नाही.’

आता आठ वर्षांपूर्वीचा तो रविवार सांगते. तू नको म्हणशील, तरी सांगते. तू मागच्या गल्लीतून आलीस, स्वयंपाकघराच्या दाराशी, उजवा हात डाव्या हातात एखाद्या परक्या वस्तूसारखा धरून. मनगट नको तिथे वळलं होतं. मी हॉस्पिटल म्हटलं तर तू माझा एप्रन धरलास: ‘तिथे सगळ्या आपल्याच बायका आहेत आयसी, संध्याकाळपर्यंत चर्चभर होईल, आणि मग तो मला जिवंत ठेवणार नाही.’ मी तुला पिठाच्या टेबलाशी बसवलं. हाताला आधार म्हणून माझ्या दोन लाकडी पळ्या, आणि बांधायला फाडलेली चादर. तू भांडी पुसायचं फडकं दातात धरलंस. मी हाड ओढलं तेव्हा जो आवाज तुझ्या घशात आला, तो पुढच्या खोलीत कुणी ऐकला नाही. तिथे सोंगट्या आपटत होत्या, लोक खिदळत होते. आणि त्या सगळ्यांच्या वर एगबर्टचा आवाज, ‘मिस आयसी, भात संपला की काय? इथे माणूस भुकेला आहे.’

तुझं मनगट मोडून, बूट पुसून, तो तुझ्याआधी पुढच्या दाराने येऊन जेवायला बसला होता. मी भाताचं भांडं घेऊन बाहेर गेले. तो माझ्याकडे पाठ करून ताटावर वाकला होता, हाड चोखत होता. माझ्या एका हातात भांडं होतं आणि दुसऱ्या हातात मटण कापायची सुरी, ती कधी उचलली मला आठवत नाही. मानेची ती जागा मला समोर दिसत होती. शिकवलेलीच होती मला, कुठली शीर कुठून जाते. मी सुरी टेबलावर ठेवली आणि त्याला भात वाढला. जेवत्या माणसाला हात लावायचा नाही, हे माझ्या आईने मला चमच्याने भरवताना शिकवलंय. तो म्हणाला, ‘देव तुझं भलं करो.’

पुढचं तुला आठवतंच. महिना गेला असेल, तू हाताला रुमाल गुंडाळून टेबलावर बसलीस, मीठ मागताना चुकून हसलीस, आणि त्याने उठून केसांना धरून तुला खुर्चीसकट खाली ओढलं. तुझं डोकं फरशीवर आपटलं, तो तुझ्या पोटात लाथा घालत होता, आणि माझे पाहुणे, ते सगळे डॉमिनोबहाद्दर, ताटं सांभाळत भिंतीला चिकटले. तेव्हा तो जेवत नव्हता. मी आईचं बिडाचं पातेलं उचललं, जे मी जमैकाहून बोटीत मांडीवर धरून आणलं, आणि त्याच्या कवटीवर घातलं. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती. करीसकट तो आडवा झाला. पोलीस आले आणि त्यांनी कुणाला नेलं? मला. कोर्टात तो डोक्याला पट्टी बांधून गरीब गाईसारखा उभा, आणि मी दंड भरून बाहेर. पण तो हॉस्पिटलात असताना तू विमानात बसलीस. पातेल्याच्या काठाचा टवका उडालाय, भात अजून छान होतो.

पॉलेटला पातेलं मारणारी कुणी नव्हती. त्या सकाळी त्याने तिचा हात गॅसच्या ज्योतीवर धरला, खारा मासा खारट झाला म्हणून. कातडी सोलून निघेपर्यंत धरला. मग तोच मासा खायला बसला. ती मागे उभी राहिली, करपलेला हात पाण्याखाली धरून, आणि दुसऱ्या हाताने सुरी उचलली. माझ्याकडून जे झालं नाही ते तिच्याकडून झालं. लोक म्हणतात, चिडून, झटापटीत मारली असती तर गोष्ट वेगळी; पण पाठीमागून, जेवत्या माणसाला? हे तोंडाने म्हणणारे सगळे माझ्या घरचं जेवलेले आहेत.

दफनानंतरचं जेवण मी करावं म्हणून त्याचा भाऊ नोएल आला. म्हणाला, ‘तुम्ही नाही केलंत तर लोक काय म्हणतील, मिस आयसी.’ मी केलं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दोन बकऱ्यांची करी, भाताचे डोंगर. मग एकेक जण उठून बोलायला लागला. एगबर्ट किती गोड गायचा, एगबर्ट कसा चार माणसांत उठून दिसायचा. पास्टर हिबर्ट डोळे मिटून मान डोलावत होते. मी मोठी पळी हातात घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, ‘गायचा तर खरंच गोड. आता मी सांगते मारायचा कसा.’ आणि सांगितलं. मनगट, पोट, गॅसची ज्योत. नोएलने ताट माझ्या तोंडावर फेकलं, पाठोपाठ त्याची मूठ आली, आणि माझा दात भातात पडला. मी पळीने त्याचं नाक फोडलं. आणि माझा गरीब नवरा, आमचा ऑल्विन, जो कोळीसुद्धा पेल्यात धरून बाहेर सोडतो, त्याने नोएलच्या पाठीत खुर्ची मोडली. टेबलं उलटली, करी भिंतीवर, कुणाचा शर्ट फाटला, कुणाची कवळी गेली. पास्टर केक उचलून प्रार्थनेच्या खोलीत पळाले. एगबर्टला शोभेलसं पोहोचवलं आम्ही.

नंतर भांडी घासताना एनिड माझ्याजवळ आली. ती त्यांच्या भिंतीपलीकडेच राहायची, तुझ्या वेळेलाही आणि पॉलेटच्या वेळेलाही. खाली मान घालून म्हणाली, ‘आम्हाला सगळं ऐकू यायचं, आयसी. आम्ही रेडिओ मोठा करायचो.’ मी म्हटलं, ‘कोर्टात सांगशील?’ तर म्हणाली, ‘आम्हाला इथेच राहायचंय गं.’ तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त तोंड न उघडता. आज माझी शेगडी थंड आहे ती म्हणूनच.

गुरुवारी मी तुरुंगात पॉलेटला भेटून आले. जळलेला हात इतका वाईट बांधला होता की मी तिथल्या बाईशी भांडून तो पुन्हा बांधला. पोरगी म्हणते, ‘हात त्याने जाळला हे ते मानतच नाहीत, मिस आयसी. म्हणतात, मासा तळताना भाजला असेल.’ तिचा वकील कोवळा मुलगा आहे, पण ऐकून घेतो. तो म्हणाला, आधी काय काय झालं हे कुणी शपथेवर सांगितलं तर ज्यूरी खून म्हणणार नाही, कमी शिक्षेवर सुटेल, नाहीतर जन्मठेप. मी म्हटलं, मी सांगते. तो ओशाळून म्हणाला, ‘मिसेस कॅम्बेल, त्या माणसाबाबत पोलिसांकडे मारहाणीची एकच नोंद आहे, आणि ती तुमच्या नावावर आहे.’ वर मी भर जेवणात एगबर्टच्या भावाचं नाक फोडलेलं. माझ्या शब्दाला तिथे काडीची किंमत नाही, मर्टल.

म्हणून हे पत्र. सुनावणी ईस्टरनंतर आहे, तू ये. स्टॅनफर्डला तू मनगट बर्फात पडून मोडलं असं सांगितलंयस, हे मला माहीत आहे. त्याला खरं सांगावं लागेल, आणि त्यानंतर तो तुझ्याकडे कसा बघेल हे मी नाही सांगू शकत. या शहरात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी तू शपथ घेतली आहेस, तीही मोडायला सांगते आहे. तुझ्या जागी मी असते तर हे पत्र फाडलं असतं, म्हणून तू फाडलंस तरी मी रागावणार नाही, पुढच्या पत्रात सरबताचंच लिहीन. पण आलीस तर या वेळी पुढच्या दाराने ये. तुला फार बोलावं लागणार नाही. मी तिथे उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते: साक्षीदाराला आधी शपथ देतात, आणि बायबल उजव्या हातात वर धरायला लावतात. तुझा तो हात अजून सरळ होत नाही. मी बसवलाय तो, मला माहीत आहे. तू फक्त तो वर कर.

पळ्या जपून ठेवलेली,
तुझीच,
आयसी